आवकसाहेब ‘पुरे’ म्हणत नाहीत

कच्चा मासा खायचा, असं आवकसाहेबांनी मंगळवारी जेवताना जाहीर केलं आणि बुधवारी दूध येईपर्यंत ते अख्ख्या इमारतीला माहीत झालं होतं.

आवकसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. सरकारी कचेरीच्या आवक विभागात ते इतकी वर्षं बसले होते की खरं नाव बहुधा त्यांनाही पगाराच्या दिवशीच आठवत असावं. कचेरीत येणारा प्रत्येक कागद आधी यांच्या टेबलावर यायचा, यांचा शिक्का घ्यायचा आणि मग पुढे जायचा. टेबलावर आलेलं परत पाठवायचं नाही आणि उद्यावर ठेवायचं नाही, असा त्यांचा बाणा. बाकीच्या विभागांत फायलींना जाळी लागायची, पण यांचं टेबल संध्याकाळी असं स्वच्छ असायचं की झाडूवाली बाईसुद्धा तिथे हळहळायची.

घरातल्या टेबलालाही हाच नियम लागू होता. भाजीतला बटाटा कच्चा राहिला तर आवकसाहेब सबंध जेवणभर त्या बटाट्याबद्दल बोलायचे. बटाट्याची जात, गॅसची आच, बायकोचं लक्ष कुठे असतं, सगळं निघायचं. पण बटाटा संपवायचे. ताटात काही टाकून उठले आहेत, असं त्यांच्या बायकोने कधी पाहिलं नव्हतं. ‘एकदा तरी टाका हो, मला बरं वाटेल,’ असं ती म्हणायची.

तर असा हा माणूस कच्चा मासा खायला निघाला होता, आणि त्याला कारण होते चिरंजीव.

चिरंजीवांचं लग्नाचं वय झालं होतं, खरं तर होऊन जरा पुढेही सरकलं होतं. आतापर्यंत दाखवलेल्या प्रत्येक मुलीला ते ‘बघू’ म्हणाले होते. आणि आता एके दिवशी ते स्वतःच म्हणाले की मुलगी बघितली आहे.

“काय करते?” आवकसाहेबांनी विचारलं.

“सुशीच्या हॉटेलात असते. जपानी हॉटेल आहे. काउंटरवर मासे कापते.”

“म्हणजे आचारी.”

“शेफ, बाबा.”

“तेच ते. आणि मासा कापून झाल्यावर?”

“भातावर ठेवते.”

“शिजवते कधी?”

“शिजवत नाहीत ना तो.”

आवकसाहेबांनी हातातला घास खाली ठेवला. “मग आचारी तरी कशी?”

चिरंजीव उठून गॅलरीत गेले. बायकोने भांडी जरा जोरात आपटली. बायकोने भांडी आपटली की समजावं, आपण चुकलो आहोत आणि कुठे चुकलो ते शोधायचं कामही आपलंच आहे.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी मुलीचा निरोप आणला. मुलगी म्हणत होती, ज्या घरात माझ्या कामाला नाक मुरडतात त्या घरात मी येणार नाही. तुझ्या वडिलांना माझ्या काउंटरवर बसून माझ्या हातचं खाऊ दे. त्यांना पटलं तर पुढचं बोलू, नाही पटलं तर राहू दे. आणि तू मध्ये यायचं नाहीस. तू बसलास की खुणा करशील.

हे सांगताना चिरंजीवांचा चेहरा असा झाला होता की आवकसाहेबांना पोर लहानपणी तापाने पडलं होतं ते दिवस आठवले. ते म्हणाले, “ठीक आहे. खातो.”

एवढंच. एवढ्यावर सगळं थांबायला हवं होतं. पण इमारतीत माणसं राहतात.

आधी आले शेजारचे विमा एजंट. हे गृहस्थ कधी गावाबाहेर गेले नव्हते, पण त्यांच्या हॉलमध्ये एक जपानी कॅलेंडर टांगलेलं होतं आणि त्या जोरावर इमारतीत जपानविषयी शेवटचा शब्द त्यांचा असे. “साहेब, एकच गोष्ट लक्षात ठेवा,” ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले. “जपानी माणसासमोर पुढ्यात आलेलं नाकारायचं नाही. नाकारलं की अपमान. समोरचा काही बोलणार नाही, कमरेत वाकून नमस्कार करेल. पण संबंध संपला.”

“पण मुलगी आपलीच आहे की.”

“मुलगी आपली, काउंटर जपानी. काउंटरवर काउंटरचा कायदा.”

हे वाक्य आवकसाहेबांना फार पटलं. काउंटरचा कायदा म्हटलं की त्यांना भरवसा वाटायचा.

मग आले कोपऱ्यावरचे औषधवाले. त्यांनी कच्च्या माशातून पोटात जाणाऱ्या जंतांची माहिती इतक्या प्रेमाने दिली, की एकेका जंताची त्यांच्याशी वैयक्तिक ओळख असावी. जाताना त्यांनी तीन प्रकारच्या गोळ्या ठेवल्या. एक आधी, एक नंतर, आणि एक ‘मध्येच काही वाटलं तर’. “काही म्हणजे काय?” आवकसाहेबांनी विचारलं. औषधवाल्यांनी त्यांच्या बायकोकडे दयाळूपणे पाहिलं आणि विषय बदलला.

खालच्या मजल्यावरच्या शिवणक्लासवाल्या बाईंनी काड्यांचा प्रश्न काढला. जपानी लोक काड्यांनी खातात, आणि ऐन वेळी काडी सटकून मासा मांडीवर पडला तर मुलगी काय म्हणेल? त्यांनी स्वतःच्या विणकामाच्या सुया आणून दिल्या. “दोन सुलट, दोन उलट टाके घालण्याइतकं सोपं आहे,” त्या म्हणाल्या. आवकसाहेबांनी उभ्या आयुष्यात एकही टाका घातला नव्हता.

सराव सुरू झाला. आधी घरी शेंगदाणे, मग कचेरीत खोडरबर. पुढे पुढे त्यांना इतका आत्मविश्वास आला की ते टाचण्यासुद्धा सुयांनी उचलू लागले. एकदा लांबून आलेल्या एका म्हाताऱ्या अर्जदाराचा कागद त्यांनी दोन सुयांत धरून फाईलीत टाकला. म्हातारा दारापाशी जाऊन शिपायाला म्हणाला, “माझ्या कागदाला काही लागलं होतं का हो?”

रजेचं प्रकरण वेगळंच झालं. मुलीला दुपारचा काउंटर मिळाला होता, तोही गुरुवारी, म्हणजे अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा हवी. रजेचं कारण खोटं लिहिणं आवकसाहेबांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी सरळ लिहिलं : ‘होणाऱ्या सुनेच्या हातचा कच्चा मासा खाण्यासाठी.’ वरच्या साहेबांनी त्यावर लाल शाईने शेरा मारला : ‘कच्चा का?’ आता हा शेरा आवकसाहेबांच्याच टेबलावर आला. त्यांनी त्यावर शिक्का मारला, खुलासा लिहिला, खुलासा वर पाठवला. वरून तो ‘चर्चा करावी’ म्हणून परत आला. चर्चेत वरच्या साहेबांनी कबूल केलं की त्यांना नुसती उत्सुकता होती. रजा मंजूर झाली, पण तोवर तीन विभागांतली माणसं मधल्या सुट्टीत येऊन आवकसाहेबांचा हात हातात घेऊन गेली होती. हिशोब विभागातले गृहस्थ तर डोळे पुसत होते.

हॉटेलात जागा राखून ठेवायला त्यांनी स्वतः फोन केला. पलीकडच्या मुलाने नाव विचारलं, वेळ विचारली आणि ‘या’ म्हणाला.

“संदर्भ क्रमांक?” आवकसाहेब म्हणाले.

“कसला?”

“आमच्या जागेचा. उद्या तुम्ही म्हणालात जागा नाही, तर मी काय दाखवू?”

“साहेब, तुम्ही या फक्त. तुमची सगळे वाट बघतायत.”

हे शेवटचं वाक्य त्यांना आवडलं नाही. सगळे म्हणजे कोण?

गुरुवारी दुपारी टॅक्सीत आवकसाहेब आणि बायको मागे आणि चिरंजीव पुढच्या सीटवर बसले होते. त्यांना आत यायची बंदी होती, पण रस्त्यापर्यंत सोडायची परवानगी होती. हॉटेल जवळ आलं तसे ते मागे वळले. “बाबा, एक सांगायचं राहिलं. या काउंटरची एक रीत असते. तिथे मेनू नसतो. त्या लोकांचं...”

“मला जेवायला शिकवणार तू?” आवकसाहेब म्हणाले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, खिशात गोळ्या आणि आतल्या खिशात, वेळ पडली तर असाव्यात म्हणून, विणकामाच्या सुया. “गप बस.”

“अहो, ऐकून तरी घ्या,” बायको म्हणाली.

“सगळं ऐकून झालंय. माझी तयारी आहे.”

ती रीत अशी होती, आणि ती आपण इथे समजून घेतलेली बरी, कारण आवकसाहेबांनी घेतली नाही. त्या काउंटरवर पाहुणा काही मागत नाही. शेफ एकेक घास करून पुढ्यात ठेवत जातो. पाहुण्याने खाल्ला की पुढचा. पाहुण्याला विचारायचं नाही, कारण ‘अजून हवं का’ असं विचारणं म्हणजे ‘आता उठा’ असं सुचवणं. तृप्त झालं की पाहुण्याने आपण होऊन ‘पुरे’ म्हणायचं. मग शेवटचा अंड्याचा गोड तुकडा येतो, चहा येतो आणि जेवण संपतं. इतकं सोपं. लहान मूलही करू शकेल. पण लहान मुलांना विमा एजंट सल्ला देत नाहीत.

हॉटेल छोटंसं होतं. लाकडाचा गुळगुळीत काउंटर, त्याच्या अलीकडे उंच स्टुलं, पलीकडे मुलगी. पांढरी टोपी, पांढरा कोट, बाह्या वर दुमडलेल्या. आवकसाहेबांनी मनात काहीतरी दांडगं, रक्ताळलेलं चित्र काढलं होतं. ही तर एखाद्या शाळेतल्या बाईंसारखी दिसत होती, आणि घाबरलेली होती. तिच्या मागे भिंतीशी एक म्हातारा जपानी गृहस्थ हाताची घडी घालून उभा होता. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. हे उस्ताद. सगळे त्यांना तसंच म्हणत.

“या काका, या काकू,” मुलगी म्हणाली. “आज पहिल्यांदाच मी एकटी काउंटर बघतेय. उस्ताद नुसते बघणार आहेत.”

“म्हणजे तुझीही परीक्षा?” बायकोने विचारलं.

मुलगी कशीबशी हसली. आवकसाहेब स्टुलावर चढले. चढले असं म्हणायचं एवढ्यासाठी की ते एका प्रयत्नात झालं नाही.

पहिल्यांदा समोर आली एक लांबट बशी. त्यात पांढरं शुभ्र, गुंडाळलेलं, वाफाळतं असं काहीतरी. आवकसाहेबांनी काड्या उचलल्या, बोटं सरावाप्रमाणे बसवली आणि एका झटक्यात ते उचललं. ते उलगडलं. उलगडतच गेलं आणि काड्यांना लोंबू लागलं. शेजारी बायको आपल्या बशीतल्या गरम नॅपकिनने शांतपणे हात पुसत होती.

“वजन बघत होतो,” आवकसाहेब म्हणाले.

“हलका असतो,” मुलगी अदबीने म्हणाली.

मग पहिला घास आला. भाताचा बोटाएवढा लांबट गोळा, त्यावर चकाकता गुलाबी तुकडा. आवकसाहेबांनी काड्या पुन्हा सरसावल्या. एवढ्यात बायकोने तो दोन बोटांनी उचलून तोंडात टाकलासुद्धा. “हातानंच खातात, काका,” मुलगी म्हणाली. “म्हणजे काड्याही चालतात. पण हातानं छान लागतं.”

पंधरवडाभराचा सराव, खोडरबर, टाचण्या, म्हाताऱ्या अर्जदाराचा तो कागद. आवकसाहेबांनी काड्या खाली ठेवल्या. दुखावलेल्या माणसाचा चेहरा करून त्यांनी घास हाताने उचलला, डोळे मिटले आणि तोंडात टाकला.

आणि डोळे उघडले.

आता हे बाहेर कुठे बोलायचं नाही, पण त्यांना ते आवडलं. कच्चं काही लागलंच नाही. थंड, मऊ, किंचित आंबट भात, आणि तो तुकडा जिभेवर नुसता विरघळून गेला. तक्रार करायला त्यांनी तोंडभर शोधलं. काही सापडलं नाही. या शोधात चेहरा मात्र गंभीर झाला. मुलगी तो चेहरा बघत होती. तिने उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद भिंतीकडे बघत होते.

दुसरा घास आला, मग तिसरा. पांढरा मासा, लाल मासा, वर कसलेसे केशरी मोती ठेवलेला एक. बायको प्रत्येक घासाला “अगं बाई,” “हे काय गं?” “कसं जमतं गं तुला?” असं म्हणत होती आणि मुलीचा रंग परत येत होता. आवकसाहेब काही बोलत नव्हते. ते कचेरीतल्यासारखे खात होते. आलं, घेतलं, संपवलं, टेबल स्वच्छ.

थोड्या वेळाने बायकोने पदराशी हात नेला आणि म्हणाली, “पुरे गं बाळा. पोट भरलं आणि मनही भरलं.” मुलीचा चेहरा फुलला. तिने वाकून नमस्कार केला आणि बायकोपुढे अंड्याचा गोड तुकडा आला, चहा आला.

हे आवकसाहेबांनी पाहिलं. आणि विमा एजंट जे म्हणाले होते तेही पाहिलं : मुलगी कमरेत वाकली! म्हणजे अपमान झाला. वरवर हसतायत, पण संबंध संपत आलाय. घराण्याची निम्मी बाजू पडली होती. आता उरलेली निम्मी त्यांनाच लढवायची होती.

“अहो, तुम्हीही म्हणा ना पुरे,” बायको कुजबुजली.

“तू गप. आधीच घोटाळा करून ठेवलायस.”

“मी? मी काय केलं?”

“चहा पी.”

त्यानंतर मुलीने केलेला प्रत्येक घास आवकसाहेबांनी खाल्ला. ते थांबत नाहीत म्हणून ती देत होती. ती देतेय म्हणून ते थांबत नव्हते. त्यांना वाटत होतं, थांबलो तर ही म्हणेल माझ्या कामाला नाक मुरडलं. तिला वाटत होतं, अजून यांचं मन भरत नाही, म्हणजे माझ्या हातात काहीतरी कमी आहे. तिने बारीक कापून पाहिलं, जाड कापून पाहिलं, मासा आचेवर किंचित शेकून पाहिला. जे उस्तादांनी ‘अजून वर्षभर हात लावायचा नाही’ म्हणून बजावलं होतं, तेही तिने करून पाहिलं. उस्तादांची भुवई पहिल्यांदाच हलली.

समोर काचेपलीकडे रस्त्यावर चिरंजीव येरझाऱ्या घालत होते. बराच वेळ झाला तरी वडील उठत नाहीत, हे पाहून ते काचेला नाक लावून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी खुणा करू लागले. थांबा, थांबा, पुरे म्हणा. आवकसाहेबांना मुलाचे दोन्ही हात हवेत हलताना दिसले. डोळ्यांत पाणीही दिसलं. पोराला माझ्याकडून केवढी आशा आहे, त्यांच्या मनात आलं. त्यांनी पुढचा घास उचलला आणि चिरंजीवांना दाखवून, उंच धरून, खाल्ला. चिरंजीवांनी कपाळ काचेवर आपटलं.

पोटाचं म्हणाल तर ते केव्हाच भरलं होतं. त्यानंतर ते घशापर्यंत आलं होतं. मग आवकसाहेबांना असं वाटू लागलं की घास आता कोटाच्या बाह्यांत उतरतोय. त्यांनी गळ्याचं बटण काढलं. श्वास आला तेवढ्यापुरता. पट्टा एक भोक सैल केला, मग आणखी एक. पुढे भोकंच उरली नाहीत. ‘मध्येच काही वाटलं तर’ची गोळी काढायला त्यांनी खिशाकडे हात नेला, तेव्हा कोटाचं मधलं बटण इतका वेळ जे सोसत होतं ते त्याला सोसवेना. ते टप्पकन सुटलं, काउंटरवरून गेलं आणि भाताच्या लाकडी टबात जाऊन पडलं.

उस्ताद पुढे आले. त्यांनी लांब काड्यांनी ते बटण भातातून अलगद उचललं, पाण्यात धुतलं, एका सुंदर निळ्या बशीत ठेवलं आणि ती बशी दोन्ही हातांनी आवकसाहेबांपुढे सरकवली.

आवकसाहेब बशीकडे बघत राहिले. पुढ्यात आलं होतं. त्यांचा हात उठला.

“अहो!” बायकोने झडप घालून बटण उचललं आणि पर्समध्ये टाकलं.

एव्हाना हॉटेलात कुजबुज सुरू झाली होती. मागच्या टेबलांवरचे लोक खुर्च्या वळवून बसले होते. एक पैज लागली होती. दारात नवी गिऱ्हाइकं आली, त्यांना तो फोनवरचा मुलगा सांगत होता, “संध्याकाळचंही काही खरं नाही. एक साहेब बसलेत.” काचेच्या पेटीतले मासे एकेक करून गेले होते. लाल गेला, पांढरा गेला, चकाकता गेला. शेवटी एका कोपऱ्यात बोटभर तुकडा उरला. मुलीने तो बाहेर काढला. सुरी हातात घेतली. तिने तो कापला, भातावर बसवला, आवकसाहेबांपुढे ठेवला आणि तिथेच काउंटरला धरून उभी राहिली.

आवकसाहेबांनी तो घास बघितला. घासानेही त्यांना बघितलं असं त्यांना वाटलं. कपाळावरून घाम चालला होता. त्यांनी तो उचलला. तोंडापर्यंत नेला. मग चिरंजीवांचा चेहरा डोळ्यांपुढे आणून तोंडात ढकलला, आणि तो उतरेपर्यंत काउंटर घट्ट धरून बसले.

“काका,” मुलगी म्हणाली. “आता काही उरलं नाही. खरं सांगा. काय कमी पडलं?”

आवकसाहेबांना बोलता येईना. त्यांनी मान हलवली. ती कोणत्या दिशेला हलली ते त्यांनाच कळलं नाही.

“पाहुणा तृप्त झाला की आपण होऊन थांबतो, असं उस्ताद सांगतात,” ती बोलत राहिली. डोळे भरून आले होते. “काकू थांबल्या. तुम्ही काही थांबला नाहीत. सगळं करून पाहिलं मी. पटलं नसेल तर तसं सरळ सांगा ना. मी तुमच्या मुलाला सांगेन, राहू दे म्हणून. पण असं नका करू.”

आवकसाहेबांनी पाण्याचा पेला उचलला, घोटभर प्यायले आणि एकदम फुटले. “अगं पोरी! तृप्त? मी त्या तिसऱ्या की चौथ्यालाच तृप्त झालो होतो! त्यानंतरचे सगळे मी तुझ्यासाठी खाल्ले!”

“माझ्यासाठी?”

“नाही म्हटलं तर अपमान होतो, असं आमचे शेजारचे विमा एजंट म्हणाले ना? संबंध तुटतो ना? मग पोराचं काय? तू देतेयस, मी खातोय. तू थांबशील म्हणून वाट बघतोय! मला वाटलं, ही मला मारूनच थांबणार!”

“पण मी कशी थांबणार? तुम्ही पुरे म्हटल्याशिवाय थांबायचं नसतं!”

“हे मला कोणी सांगितलं?”

“मी सांगत होते,” बायको म्हणाली. “टॅक्सीत पोरगा सांगत होता. बाहेर काचेवर अजून सांगतोय, बघा.”

आवकसाहेबांनी काचेकडे पाहिलं. चिरंजीवांच्या कपाळाचा गोल ठसा काचेवर उमटला होता.

मुलीने तोंडावर हात दाबला. मग खाली वाकली, आणि काउंटरमागून असा काही आवाज आला की हसतेय की रडतेय कळेना. दोन्ही असावं. उस्तादांनी तिला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. तिने हुंदके देत, हसत, हातवारे करत सगळं सांगितलं. विमा एजंटापासून बटणापर्यंत. उस्तादांनी ऐकून घेतलं. रिकाम्या काचेच्या पेटीकडे पाहिलं. आवकसाहेबांकडे पाहिलं. आणि मग त्या दगडी चेहऱ्याचा म्हातारा माणूस भिंतीला पाठ टेकून, पोट धरून, आवाज न करता इतका हसला की त्याची टोपी खाली पडली.

मग टोपी उचलून त्यांनी मुलीला थोडक्यात काहीतरी सांगितलं. ती एकदम सरळ उभी राहिली.

“काय म्हणाले?” बायकोने विचारलं.

“गुरुवार तुझा. दर गुरुवार.”

“अगं बाई! म्हणजे पास झालीस की!” बायकोने काउंटरवरूनच तिचा हात धरला. तेवढ्यात दार उघडून चिरंजीव आत आले, कपाळ लाल, आणि बंदी होती ते आठवून उंबऱ्यापाशीच थांबले.

“काका,” मुलीने नाक पुसलं, “आता म्हणा तरी. म्हटल्याशिवाय जेवण संपत नाही.”

आवकसाहेबांनी श्वास घेतला. जेवढा आत जाऊ शकला तेवढा. “पुरे,” ते म्हणाले. मागच्या टेबलांवर टाळ्या वाजल्या आणि कोणीतरी पैज हरल्याचं ऐकू आलं.

मुलीने रीतीप्रमाणे अंड्याचा गोड तुकडा बशीत ठेवून पुढे केला. त्याकडे बघून आवकसाहेबांच्या अंगावर काटा आला. पण त्यांनी पुढे पाहिलं तेव्हा त्यांना मुलीचे ओठ सुकलेले दिसले. सकाळपासून उभी असणार. एवढा वेळ तिच्या हातातून एवढं अन्न गेलं होतं.

“तू जेवलीस का गं?” त्यांनी विचारलं.

मुलगी गोंधळली. “आम्ही नंतर जेवतो. सगळं आवरल्यावर.”

“नंतर काय? ये इकडे. बस.” त्यांनी अंड्याची बशी बाजूच्या रिकाम्या स्टुलासमोर सरकवली. “उस्ताद, हिला काहीतरी वाढा. मासा कापा तो... चकाकणारा.”

मुलगी हळूच म्हणाली, “काका, मासा संपलाय.”

आवकसाहेब ओशाळले. कोणी कसल्याही फाईलीवरून त्यांना कधी एवढं ओशाळलेलं पाहिलं नव्हतं. उस्तादांनी मात्र टबातला राहिलेला भात मुठीत दाबला, वर थोडं मीठ, थोडं आलं ठेवलं आणि मुलीपुढे केलं. ती टोपी काढून सासऱ्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली, एका प्रयत्नात, आणि भुकेल्या माणसासारखी खाऊ लागली. चिरंजीव उंबरा सोडून तिच्या मागे येऊन उभे राहिले.

अर्धा गोळा खाऊन झाल्यावर ती थांबली. “काका, एक आत्ताच सांगते. लग्न झालं तरी मी हे काम सोडणार नाही.”

“सोडायला कोण सांगतंय?” आवकसाहेब म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी पोटावरचा कोट सावरला आणि जरासं कण्हत तिच्याकडे वळले. “फक्त घरी आलीस की मला विचारून वाढत जा.”